पंचवीस जवान मारले कुणी?

रायपूरच्या मराठी बंधुभगिनींनो,

२४ एप्रिल २०१७ रोजी सुकमा जिल्ह्यात बुरकापालजवळ नक्षलवाद्यांनी सीआरपीएफचे २५ जवान मारले. संताप तुम्हाला आला, तसा आम्हालाही आला. मग आसपासच्या गावांतले आदिवासी उचलले गेले. यूएपीए लागला, जामीन मिळेना. पाच वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, त्यांतले १२१ जण निर्दोष सुटले. मग ते २५ जवान मारले कुणी? त्या खटल्यातून जवानांच्या आईबापांना काय मिळालं? कडक कायदा म्हणजेच सुरक्षा, असं म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं.

मानवाधिकारांसाठी झटणारे डॉ. बिनायक सेन तर आपल्याच गावचे. २००७ साली त्यांना धरलं. हाताशी राज्याचा २००५ चा विशेष जनसुरक्षा कायदा होताच. गुन्हा कोणता? तुरुंगातल्या नक्षल नेत्याला ते तीसेक वेळा भेटले म्हणे. भेटले, पण रीतसर परवानगी घेऊन, तुरुंग अधिकाऱ्यांच्या देखत! खटल्यात एका ईमेलमधल्या ‘आयएसआय’ या अक्षरांवरून पाकिस्तानचा संशय घेतला गेला. ती निघाली दिल्लीची इंडियन सोशल इन्स्टिट्यूट. हसू येतं, पण २४ डिसेंबर २०१० ला इथल्याच सत्र न्यायालयाने राजद्रोहाखाली जन्मठेप दिली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देताना विचारलं, गांधींचं आत्मचरित्र घरात सापडलं म्हणून माणूस गांधीवादी होतो का?

राजद्रोहाचं हेच कलम १९०८ साली टिळकांवर लागलं आणि ‘हिंदी केसरी’च्या माधवराव सप्र्यांवरही. ज्यांच्या नावाच्या शाळेत आपली पोरं शिकली, तेच सप्रे.

आता जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. नाव तेच, साचाही तोच. प्रस्थापित कायदा मोडायला प्रोत्साहन देणं इथेही बेकायदा, तिथेही. मग मिठाचा सत्याग्रह कुठे बसवायचा?

नक्षलवाद्यांना मोकळं सोडा, असं आम्ही म्हणत नाही. खुन्याला धरा, पुरावा उभा करा, फाशी की जन्मठेप ते न्यायाधीश ठरवतील. पण खटला रेंगाळला तर जामीन द्या, आणि निर्दोष सुटलेल्याला गेलेल्या वर्षांची भरपाई द्या. ती देण्याची तयारी असेल, तर पोलीसही माणूस उचलताना दोनदा विचार करतील.

हे पत्रक रद्दीत टाकू नका. नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांना पाठवा. तिथल्या आमदाराला त्यांनी विचारावं, छत्तीसगडचा हा वीस वर्षांचा अनुभव तुम्ही वाचला होता का?

– रायपूरमधील काही मराठी नागरिक