आभाळावर खापर

हिमस्खलनात माणसं गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘निसर्गाचा कोप’ ठरलेला. फार सोयीचा शब्द. कोपापुढे कुणाचं काय चालणार, म्हणजे कुणाला काही विचारायलाही नको. हिवाळ्यात हौसेने हिमालयात जाणाऱ्यांच्या बाबतीत तरी हा शब्द खोटा आहे, असं माझं म्हणणं.

गुलमर्ग घ्या. तिथली गोंडोला तुम्हाला अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडते. आखलेल्या पट्ट्यात गस्ती पथकाची नजर असते. त्यापलीकडे ज्याचा तो मुखत्यार. इथल्या डोंगरांत फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. त्यांचं काय चुकलं याचा निवाडा पुण्यात बसून मी करणार नाही. पण जगभरच्या नोंदी सांगतात, की हौशी लोक ज्यात सापडतात ते हिमस्खलन दहापैकी नऊ वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं. ते आभाळातून कोसळत नाही, पायाखालून सुटतं.

कसं? डिसेंबरात बर्फ थोडा, वर कडाक्याची निरभ्र रात्र, खाली त्यामानाने उबदार जमीन. या तफावतीत तळाच्या बर्फाचे कण जाड साखरेसारखे होतात. खड्डा खणून मूठभर काढा आणि दाबून बघा: पाक चुकलेल्या रव्यासारखा भुरभुरतो, लाडू काही वळत नाही. त्यावर जानेवारीत दोन फूट नवा बर्फ पडतो, वाऱ्याने दाबून त्याची लादी होते. वरून सगळं एकसंध, पांढरंशुभ्र. एका माणसाच्या वजनाने खालची साखर बसते, ‘धप्प’ असा आवाज येतो आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला तर लादी निघते. ओरडण्याने नव्हे, ते सिनेमातलं.

‘पण आम्ही उघडीप बघूनच निघतो,’ असं सह्याद्रीत मुरलेले म्हणतात. तीच सवय इथे घात करते. आपल्याकडे पाऊस थांबला की घसारा निदान दिसतो तरी. इथे हिमवृष्टीनंतरची पहिली निळी सकाळ सगळ्यात फसवी, कारण नवा भार अजून बसलेला नसतो. ‘बीकन असतो की,’ हा दुसरा युक्तिवाद. बीकन म्हणजे गाडलेल्याला शोधायला प्रत्येकाने अंगावर बाळगायचं संदेशयंत्र. बीकन जागा सांगतो, खणत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडे.

एक आक्षेप मात्र खरा. सियाचीनच्या सोनम चौकीवर २०१६ साली गाडले गेलेले दहा जवान हौसेने उतार निवडायला गेले नव्हते. उत्तराखंडात माणाजवळ फेब्रुवारी २०२५ मध्ये हिमस्खलनात सापडलेले, कंटेनरांत राहणारे रस्त्याचे मजूरही नाहीत. त्यांतले आठ गेले. त्यांना माझा हिशेब लावणं निर्दयपणा. पण छावणी कुठल्या उताराखाली लावायची हे तिथेही माणूसच ठरवतो. ‘कोप’ म्हटलं की त्या माणसाला विचारायचं राहून जातं.

हौशी माणसाच्या हातात तर निवड असते. काठी उताराच्या दिशेने बर्फावर टाकायची, तिच्यावर फोन ठेवायचा, अंश वाचायचे. वाट सपाट असली तरी डोक्यावरचा उतारही फोनची कड धरून मोजायचा. तिसाच्या वर आकडा आला तर रुंद सोंडेवरून जायचं, नाहीतर मागे फिरायचं. नेमक्या तेव्हाच शेजारच्या उतारावर कुणाच्या तरी स्कीच्या ताज्या रेघा दिसतात आणि ग्रुपमधला एखादा म्हणतो, ‘अरे, ते तर गेले की!’ गेले खरे. त्यांच्या वजनाने, त्या जागी लादी सुटली नाही, एवढंच त्या रेघा सांगतात. काठी उचलायची आणि आल्या वाटेने उतरायला लागायचं.