बटण बंद, तरी वीज चालू

दिवाळी जवळ आली की पेढीची आणि घराची झाडलोट सुरू होते आणि वर्षभर दुर्लक्षिलेला, लुकलुकणारा छताचा दिवा एकदम डोळ्यांत भरतो. पॅनेल लाइट बिघडला म्हणजे बहुधा तो टाकून नवा आणला जातो. वस्तुतः अनेकदा त्यातील एलईडी शाबूत असतात. निकामी झालेला असतो तो फॉल्स सीलिंगच्या पोकळीतील लहानसा ड्रायव्हर. २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे दिव्याला मानवेल अशा एकदिश विजेत रूपांतर करणे हे त्याचे काम. पोकळीत कोंडलेल्या उष्णतेने त्यातील कपॅसिटर लवकर खराब होतात. हा भाग थोडक्या खर्चात बदलता येतो.

शिडीवर चढलेला मुलगा विचारतो, "बाबा, बंद केलंत ना?" खालून उत्तर येते, "हो रे, बटण बंदच आहे." या उत्तरावर विसंबणे धोक्याचे असते. काही ठिकाणी, विशेषतः जुन्या वायरिंगमध्ये, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले आढळते. मग बटण बंद असूनही दिव्यापर्यंत फेजची वीज पोहोचलेली असते. बटण बंद केल्यावरही पॅनेल अंधूक उजळत राहिला, तर ही शंका अवश्य घ्यावी.

दुसरा धोका इन्व्हर्टरचा. मेन स्विच खाली केला की तो वीज गेली असे समजून बॅटरीवरून दिव्यांना वीज पुरवू लागतो, आणि तीही २३० व्होल्टचीच असते. उलट, केवळ इन्व्हर्टरचे बटण बंद केले, तर मेनची वीज त्यातून बहुधा तशीच पुढे जात राहते. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर ही दोन्ही बंद करावीत. मेनजवळ घरातील एका जाणत्या व्यक्तीने उभे राहावे, म्हणजे दुसरे कोणी नकळत स्विच वर करणार नाही.

टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करावी. वीज बंद केल्यावर तोच टेस्टर दिव्याच्या दोन्ही तारांना लावावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही; म्हणून काम संपल्यावर नव्हे, तर कामापूर्वीच ही परीक्षा घ्यावी. ड्रायव्हरमध्ये काही काळ वीज साठून राहते, त्यासाठी पाच-दहा मिनिटे थांबावे. शिडी लाकडी किंवा फायबरची असावी, हात कोरडे असावेत. पॅनेलच्या स्प्रिंग क्लिपा जोरात मिटतात. बोटे सांभाळून तो खाली ओढावा.

नवा ड्रायव्हर केवळ वॅट पाहून घेऊ नये. जुन्यावर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा तोच असावा आणि व्होल्टचा पल्ला जुळावा. उदाहरणार्थ, जुन्यावर ३०० मिलिअँपिअर असेल, तर ६०० चा ड्रायव्हर दिवा लवकर जाळून टाकील. जुना ड्रायव्हर दुकानात सोबत नेणे उत्तम. जोडताना दिव्याच्या बाजूची लाल तार लालला व काळी काळीला जोडावी. मेनच्या तारा कनेक्टरमध्ये घट्ट बसवाव्यात, उघडे तांबे दिसू नये. दिवा जोडल्याशिवाय ड्रायव्हरला वीज देऊ नये, आणि वीज चालू असताना त्याच्या कोणत्याही तारेला हात लावू नये. अनेक स्वस्त ड्रायव्हरांत दिव्याच्या बाजूच्या तारांतूनही धक्का बसू शकतो.

तारांचे वेष्टन करपलेले वा ठिसूळ झालेले दिसले, छतात ओल आढळली किंवा वीज बंद करूनही टेस्टर पेटला, तर तेथेच थांबून परवानाधारक वायरमनला बोलवावे. तो आलाच आहे, तर कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, याच्या चिठ्ठ्या बोर्डावर लावून घ्याव्यात आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे की नाही हेही पाहून घ्यावे.