लिस्बनची ती रात्र

संपादक महोदय,

परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या 'भक्तीच्या सहली'वरचा गेल्या अंकातला लेख वाचला. लेखक लिस्बनच्या २०२३ च्या जागतिक युवा दिनाला, म्हणजे कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला, 'एका रात्रीचा जल्लोष' म्हणतात. तो १ ते ६ ऑगस्ट असा सहा दिवस चालला. उघड्यावर काढली ती फक्त शेवटची रात्र. तेजू नदीकाठी, जिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. मी तिथेच शिकत होतो, म्हणून गेलो. शेजारच्या पोलिश मुलीने अर्धी चटई दिली, मी चिवड्याची पुडी फोडली. धर्म कुणी विचारला नाही.

सकाळी पाद्र्याने डीजे लावला, हे खरं. पण लाखो झोपाळूंना मिस्सासाठी उठवायचं कसं, हे लेखकाने सुचवावं.

'खर्चाबद्दल तिथे कुणी अवाक्षर काढलं नाही' हे मात्र साफ चूक. व्यासपीठाचा आकडा ४० लाख युरोंवर गेल्याचं कळताच पोर्तुगालमध्ये एवढा गदारोळ झाला, की तो ३० लाखांच्या आत आणावा लागला.

राहिला बुडालेला अभ्यास. ऑगस्टमध्ये तिथल्या विद्यापीठांना सुट्टी असते.

आपला,
एक वाचक, वसई