तेल्यावरील तुलनेतून काय वगळले जाते?

डाळिंबावरील तेल्या रोगाला ‘कोणते औषध सर्वांत चांगले?’ हा प्रश्न विज्ञानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो दुकानाच्या फळीवरचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणावर शेतीत बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्णपणे थांबावा, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून एक सूर सतत कानी येतो : आधी तितकीच प्रभावी बाटली दाखवा, मग बंदी घाला. हा सूर मला अमान्य आहे, आणि माझा आक्षेप मोजमापाचा आहे.

तेल्याचा जिवाणू झान्थोमोनास वंशाचा. पाने, फांद्या आणि फळे यांवर तो तेलकट डाग पाडतो. पुढे फळ तडकते. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. सोलापूर-नाशिककडील बागाइतदाराला तो कसा पसरतो हे सांगावे लागत नाही : पावसाचे उडणारे थेंब, न धुतलेली छाटणीची कात्री, रोगट बागेतून आणलेली गुटी. फांदीवरच्या व्रणात तो दडून राहतो. फवारा पृष्ठभागावर पडतो. व्रणाच्या आत तो पुरेसा पोहोचत नाही.

आता नेहमीचा प्रयोग पाहा. एकाच बागेत शेजारशेजारच्या ओळींवर निरनिराळी औषधे, आणि एक ओळ फवारणीविना. पण या ओळी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत! फवारणी न केलेली ओळ शेजारणीला जिवाणू पुरवते, तर फवारलेली ओळ तिच्या रोगाचा भार हलका करते. व्हान डर प्लँक यांनी १९६३ मध्येच वनस्पतिरोगांच्या साथीवरील आपल्या ग्रंथात या दोषाकडे बोट दाखवले होते. भौतिकशास्त्रात परस्परक्रिया करणारे कण स्वतंत्र मानून कोणी सरासरी काढली, तर परीक्षक प्रबंध परत पाठवील. शिवाय ‘रोग निम्म्यावर आला’ या वाक्याला पायाभूत आकड्याविना अर्थ नाही. चाळीसवरून वीस टक्के आणि चारवरून दोन टक्के, दोन्ही ‘निम्मे’च.

प्रतिजैविकाची किंमत तर तक्त्यात येतच नाही. स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोग आणि प्लेग यांवरचे औषध आहे. कॅलिफोर्नियातील पेअरच्या बागांत त्याला न जुमानणारे रोगजंतू १९७१ मध्येच आढळले. ज्या औषधाची धार वापरानेच बोथट होते, त्याचे एका हंगामाचे गुण सांगून काय उपयोग?

म्हणून ताम्रयुक्त औषधे निर्दोष ठरतात, असे नाही. मी राहतो त्या नाचियार्कोविल् येथे पितळी दिवे ओतले जातात, आणि तांब्याला येथे मान आहे; पण मातीत साठलेले तांबे कुजून नाहीसे होत नाही. युरोपीय संघाने त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. बोर्डो मिश्रण वापरावे, हिशेब ठेवून.

खरी तुलना बहारांची आहे. मृग बहाराचे फळ पावसाळ्यात वाढते, म्हणजे जिवाणूच्या सुगीत. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो आणि फळ कोरड्या हवेत पोसते. बागेला विश्रांती, व्रणांच्या खालून छाटणी, रोगट काडीकचऱ्याची होळी आणि बहार बदलणे ही साखळी एका बाजूला व बाटली दुसऱ्या बाजूला ठेवून संपूर्ण बागा हेच एकक मानणारे, अनेक हंगामांचे प्रयोग हवेत. ते खर्चिक आहेत, हे खरे.

यावर सांगोल्याचा बागाइतदार विचारील, आणि योग्यच विचारील : हस्त बहाराला पाणी कोठून आणू? मृगाला पाऊस फुकट मिळतो. त्याला फवारणी स्वस्त वाटते, कारण पाणी महाग आहे. तेव्हा धोरणकर्त्यांनी पुढच्या तक्त्यात फवारण्यांच्या खर्चाशेजारी शेततळ्याचा खर्चही लिहावा, आणि बंदी घालताना अनुदान कोणत्या रकान्याला द्यायचे तेही त्याच आदेशात सांगावे.