भाडेकऱ्याचा वाली कोण?

शहरातील निवाऱ्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा ताबडतोब घरबांधणीकडे वळते. सोडती निघतात, अनुदाने जाहीर होतात, कर्जाच्या व्याजात सवलत मिळते. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाला व्याजाच्या रूपाने 2 लाख 67 हजार रुपयांपर्यंतचा लाभ देण्याची तरतूद होती. परंतु हा लाभ मिळण्यासाठी आधी कर्ज मिळावे लागते आणि कर्जासाठी पगारपत्रक लागते. ज्याच्याजवळ पगारपत्रकच नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर या सवलतीत नव्हते. तो भाड्याने राहतो. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी 27.5 टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती, आणि त्याच जनगणनेत शहरांमधील 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तज्ज्ञगटाने शहरी घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लाख असल्याचे सांगितले. त्यातील 95 टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. घरे आहेत आणि माणसेही आहेत. दोहोंची गाठ मात्र पडत नाही.

भाड्यासाठी मदत करणे हे सरकारचे काम नव्हे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. वस्तुतः ते तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. सरकारी कर्मचारी व अनुदानित शाळेतील शिक्षक यांना घरभाडे भत्ता मिळतो आणि जुन्या कररचनेत त्यावर प्राप्तिकराची सूटही मिळते. हे भाडेसाहाय्यच होय. आपण त्याला तसे म्हणत नाही, इतकेच. महाराष्ट्रातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही याच जातीची आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला 60 हजार रुपये देण्याची सोय त्यात केली गेली. हप्ता उशिरा येतो ही तक्रार रास्तच आहे. तथापि सरकार थेट भाडेकऱ्याच्या खात्यात पैसे जमा करू शकते, हे या योजनेने सिद्ध केले.

मग हाच न्याय चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला, सोसायटीच्या दारावरील रखवालदाराला, किंवा ज्या शाळेत शिक्षकाला घरभाडे भत्ता मिळतो त्याच शाळेतील कंत्राटी शिपायाला का लागू नसावा? त्यांची अडचण केवळ दरमहाच्या भाड्याची नाही. खोलीचे भाडे 8 हजार धरा. तीन महिन्यांची अनामत 24 हजार, दलाली 8 हजार आणि पहिल्या महिन्याचे भाडे 8 हजार, असे 40 हजार रुपये उंबरा ओलांडण्यापूर्वीच मोजावे लागतात. महिन्याला 18 हजार मिळवणाऱ्या कुटुंबाने ते आणायचे कोठून? साहजिकच सावकार गाठला जातो किंवा मंगळसूत्र गहाण पडते. अकरा महिन्यांनी मालकाने भाडे वाढवले की हाच खेळ पुन्हा सुरू होतो आणि मुलांची शाळा बदलते.

एके काळी ही पोकळी समाज भरून काढीत असे. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावच्या मंडळींनी गाळे घेतलेले असत. गावाहून आलेल्या तरुणाला तेथे पथारी मिळे, जेवणाची सोय खानावळवाली करी आणि अडीनडीला भिशी उपयोगी पडे. या खानावळवाल्या बायकांनाच 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती मुख्यतः एकट्या पुरुषांसाठी होती आणि जातगोताबाहेरच्या माणसाला तेथे सहसा जागा नसे. 1982 च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या, तशी तीही विरली. तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही.

सरकारला याची जाणीव झाली ती 2020 साली, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा. त्या वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आली. सरकारी पैशातून बांधलेली आणि पडून असलेली घरे भाड्याने द्यायची, हा विचार चांगला होता. प्रत्यक्षात फारच थोडी घरे त्यासाठी खुली झाली. 2024 च्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे, हे स्वागतार्ह आहे. त्याचबरोबर एक धोकाही ओळखला पाहिजे. जेथे खोल्याच अपुऱ्या आहेत, तेथे नुसती रोख मदत वाटली तर ती भाडेवाढीच्या रूपाने मालकाच्याच खिशात जाईल. उलट, भाडे गोठवण्याचा उपायही आपण करून पाहिला आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे परवडेनासे झाले आणि पागडी माजली.

म्हणून पहिला हात अनामतीला घालावा. 2021 च्या केंद्रीय आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. मात्र राज्याने तो स्वीकारल्याखेरीज भाडेकऱ्याला त्याचा उपयोग नाही. राज्य सरकारकडे हा आग्रह धरीत असतानाच एक काम शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारदार पतसंस्थांना स्वतः करता येण्याजोगे आहे. सहकार कायद्यात नाममात्र सभासदाची सोय आहेच. उपविधींत आवश्यक ती दुरुस्ती करून आपल्याच संस्थेतील कंत्राटी शिपाई व सफाई कामगार यांना अनामतीपुरते कर्ज माफक व्याजाने देता येईल. अनामत शेवटी परत मिळणारी रक्कम असते, त्यामुळे मालकाशी रीतसर करार झाला असेल तर त्यात बुडिताचा धोकाही कमी.

आणि करार रीतसर हवाच. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. 1999 च्या राज्य भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार तो लेखी असणे व त्याची नोंदणी होणे आवश्यक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी वाद उद्भवल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही गोष्ट ज्यांना सर्वांत उपयोगाची, त्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एका सुटीत वस्तीवस्तीतून हे कलम वाचून दाखवावे, कोऱ्या कराराचे नमुने भरून द्यावेत आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीपर्यंत भाडेकऱ्यांची सोबत करावी.