फोन बाजूला ठेवा, वायर लावा

आपल्याकडे कुठलाही कीबोर्ड म्हणजे ‘कॅसिओ’ आणि घरचं रेकॉर्डिंग म्हणजे डब्याला टेकवून ठेवलेला फोन. पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल भांडायचंय.

बाबा अनेक वर्षं ऑर्केस्ट्रात अरेंजर वाजवायचे. गेल्या वर्षापासून त्यांची उजव्या हाताची बोटं ऐकत नाहीत. माझ्याकडे त्यांचे अकरा व्हिडिओ आहेत. सगळ्यांत पंखा आहे, कुकर आहे, बाबा मात्र कुठेतरी मागे. ढोलकीचा ठोका पडला की फोन आवाज दाबतो, ठोका थांबला की पंख्याची घरघर वर आणतो.

मी इंजिनिअर. तरी मीही फोम आणि महागडे माइक शोधत बसलो. अरे, माइकचा इथे संबंधच काय? अरेंजरमधला आवाज मुळात डिजिटल असतो. आपण तो स्पीकरमधून हवेत सोडतो, भिंतींवर आपटवतो आणि मग फोनच्या टिचभर माइकने पुन्हा गोळा करतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

नव्या काही मॉडेलांत यूएसबीतून ऑडिओ थेट लॅपटॉपमध्ये जातो. जुन्या बहुतेकांत फक्त मिडी जातं, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद, आवाज नाही. तिथे दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या. डावं-उजवं दोन्ही आउटपुट जोडा, नाहीतर स्टिरिओ गेलाच. फक्त हेडफोनचं भोक असेल तर तेही चालतं. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्यावर फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही. घूंऽऽ ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. रिव्हर्ब कमी ठेवा. नंतर वाढवता येतो, काढता येत नाही.

यावर कुणी म्हणतं, “अरेंजरच तो, बटण दाबलं की ताल वाजतो, त्याला कशाला एवढी क्वालिटी?” ताल यंत्राचा, कबूल. पण कॉर्ड कधी बदलायची, फिल कुठे टाकायचा आणि गायिका अडखळली तर पुन्हा मुखड्यावर कसं यायचं, हे माणूस ठरवतो. खराब रेकॉर्डिंगमध्ये नेमका तो माणूसच पुसला जातो आणि उरतं ते बटण.

मला हे उशिरा कळलं. तुमच्या घरी कुणी अजून वाजवत असेल, तर वायर याच रविवारी आणा.