पदकानंतरची पाळी



ईलिंग कॉमनहून पिकॅडिली लाइनने थेट हाइड पार्क कॉर्नरला जाता येतं. तिथल्या मेमोरियल गेट्सजवळच्या छत्रीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांची नावं कोरली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या यादीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आहेत. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ती नावं दाखवतो, फोटो काढतो. काढावेतच. घाडगे जुलै 1944 मध्ये इटलीत पडले, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते.

पण त्या युद्धातल्या सुमारे 25 लाख हिंदी सैनिकांपैकी बहुतेक जण परत आले. पदक ट्रंकेत ठेवल्यावर त्यांनी पोटासाठी काय केलं? याचं एक उत्तर आपल्याच बरोमध्ये आहे, साउथॉलला. 207 नंबरच्या बसने आपण तिथे जातो, पण भाजी आणि मिठाई घ्यायला!

1962 च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायद्याने व्हाउचरचे तीन वर्ग केले. 'अ' वर्ग नोकरी आधीच ठरलेल्यांचा, 'ब' डॉक्टर, शिक्षक वगैरे पात्रताधारकांचा आणि 'क' बाकी सगळ्यांचा. या 'क' वर्गात युद्धात सेवा केलेल्यांना प्राधान्य होतं. ऐकायला बरं वाटतं, पण अर्थ काय? ज्याला फौजेने वायरलेस किंवा ट्रक चालवायला शिकवलं, तोही इथे अकुशलच. बर्मा स्टारची किंमत म्हणजे त्या रांगेत थोडी पुढची जागा! आणि 'क' वर्गाची व्हाउचरं 1964 पासून थांबलीच.

साउथॉलच्या वुल्फ रबर कारखान्यात 1950 च्या सुमारापासून पंजाबी कामगार लागले. माजी सैनिकही त्यांत होते. रबराचा वास, उष्णता, लांबलचक पाळ्या, गोरे कामगार टाळत ती कामं. 1965 च्या अखेरीस त्यांनी संप केला आणि तो कित्येक आठवडे चालला. इंडियन वर्कर्स असोसिएशन पाठीशी उभी राहिली. युनियनची साथ मात्र हवी तशी मिळाली नाही. साम्राज्यासाठी बंदूक धरलेल्या हातांना ओव्हरटाइमसाठी भांडावं लागलं. याला कुणी पदक देत नाही.

आपल्यातले जे त्या काळी आले, त्यांत 'ब' वर्गाचे बरेच. म्हणून साउथॉलचा इतिहास 'त्यांचा' आणि छत्रीतली नावं 'आपली', अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. मला ती पटत नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या घरांतूनही माणसं केरन, इटली, ब्रह्मदेशात लढली आणि परत येऊन शेतीत, गिरणीत, रेल्वेत राबली.

तुमच्या घरी असे आजोबा किंवा पणजोबा असतील तर लिहून पाठवा. पदकाचा फोटो असला तर उत्तमच. पण 1946 नंतर ते कुठे कामाला होते, काय पगार होता, पेन्शन मिळाली का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. विशेषतः आजीला. घर तिनेच चालवलेलं असतं.

— संपादक